विषय सोडण्याची पात्रता

चष्म्याच्या दुकानदाराच्या धाकट्या मुलीला अकरावीत प्रगत भौतिकशास्त्र जड जात होतं. "सोडून देऊ का?" असं तिने जेवताना सहज विचारलं, आणि घरातलं जेवण थांबलं.

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. आईने टीव्ही बंद केला. काकांनी आजवर दोन नोकऱ्या, एक डिप्लोमा आणि तीनदा सिगारेट सोडलेली असल्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका जाणकारासारखे खाकरले. "सोडणं सोपं असतं गं. सोडलेलं दिसतं कसं, ते महत्त्वाचं. पुढच्या वर्षी कॉलेजांचे अर्ज आहेत."

दिसण्याचा प्रश्न असल्याने प्रकरण शाळेच्या समुपदेशक बाईंकडे गेलं. बाईंनी शांतपणे परिस्थिती समजावली. अवघड विषयात कमी मार्क पडले तर कॉलेजच्या नजरेत मुलगी मठ्ठ. मध्येच सोडला तर भित्री. घेतलाच नसता तर आळशी.

"मग हुशार कशी ठरेल?" आईने विचारलं.

"ते आमच्या कक्षेत येत नाही," बाई म्हणाल्या. "पण एक वाट आहे. पन्नास मार्कांवर विषय सोडला तर त्याला पळ काढणं म्हणतात. नव्वदांवर सोडला की तोच त्याग होतो. त्याग अर्जात फार उठून दिसतो."

म्हणजे विषय सोडायचा तर आधी त्यात नव्वद मार्क मिळवणं आलं. वडिलांना हे लगेच पटलं, कारण त्यात खर्च होता. त्यांनी धाकटीला खास विषय सोडण्याच्या क्लासला घातलं. तिथे सकाळ-संध्याकाळ भौतिकशास्त्र घोटून घेत. भिंतीवर गेल्या वर्षी यशस्वीपणे विषय सोडलेल्यांचे हसरे फोटो होते.

हां हां म्हणता त्यागाची बातमी गावभर झाली. ज्यांना भौतिकशास्त्र उत्तम येत होतं, त्यांचे पालकही मुलांना ते सोडायला लावू लागले. "शेजाऱ्यांचा मुलगा सोडतोय आणि आपला नुसता शिकत बसलाय," अशी वाक्यं घरोघरी ऐकू येऊ लागली. शाळेत अर्जांचा ढीग साचला. शेवटी शाळेने विषय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी प्रवेशपरीक्षा जाहीर केली. परीक्षा अर्थातच भौतिकशास्त्राची होती.

त्या दिवसांत धाकटी रोज बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली असे. समोर दोन्हीकडे उघडणारं स्प्रिंगचं दार होतं. कुणी पालक बाहेर पडला की ते आत-बाहेर झुलायचं, झोका लहान लहान होत जायचा आणि शेवटी दार गप्प व्हायचं. पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, की झोका लहान झाला तरी त्याला लागणारा वेळ तेवढाच राहतो. पुस्तकात ह्याच गोष्टीवर तीन पानं होती आणि ती तिला आजवर भुतासारखी वाटत होती. तिला एकदम हसू फुटलं. ती उठली आणि दाराला स्वतःच एक धक्का दिला. मग आणखी एक. आतून बाई म्हणाल्या, "कोण आहे? आत या किंवा बाहेर जा."

परीक्षेत ती पहिली आली. दुकानात गिऱ्हाईक नसतानाही वडील हसत बसले. त्याच संध्याकाळी धाकटी म्हणाली, "बाबा, मला नाही सोडायचं. मला आवडायला लागलंय."

"आवडायला?" वडिलांनी चष्मा काढून पुसला. "अगं, एवढी मेहनत कशासाठी केलीस?"

काका समजुतीने म्हणाले, "ह्या वयात होतं असं. जाईल."

बाईंनी तर तिला जवळ बसवून सांगितलं, "बाळ, आवड असणं वाईट नाही. पण सोडणाऱ्यांत पहिली आलेली मुलगीच विषय सोडत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय आदर्श घ्यायचा?"

तेव्हा सत्कार झाला आणि टाळ्यांच्या गजरात धाकटीचा विषय सुटला. तिच्या पाठोपाठ उरलेल्यांचाही सुटला. वर्ग रिकामा झाला, नापास व्हायला कुणीच उरलं नाही, आणि शाळेने भौतिकशास्त्राचा निकाल उत्कृष्ट लागल्याचा फलक लावला.

दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राचे सर सवयीने वर्गात गेले, तर पहिल्या बाकावर धाकटी.

"तुझा विषय सुटलाय ना?"

"हो. म्हणून तर आले."

सरांनी खडू ठेवून दिला. कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कुणी काम नसताना आलं नव्हतं. त्या वर्षी दोघांनी पंख्याला दोरी बांधली, बादल्या गरगर फिरवल्या, एकदा छतापर्यंत पाणी उडवलं, आणि शिपायाची बोलणी खाऊन पुन्हा बादली भरली. धाकटी घरी यायची ती ओल्या बाहीने, गाणं म्हणत. घरच्यांना वाटायचं, ओझं उतरल्यामुळे पोर खुलली.

पुढे तिला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिथे ती भौतिकशास्त्रच शिकते.

ही हकिकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे पोट धरून हसले. पालकांना काय वेड लागलंय, असंही म्हणाले. आणि मग डोळे पुसून, थोडं जवळ सरकून, प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. तुमच्याही ओठांवर ती आलेलीच आहे. विचारून टाका: कॉलेज कुठलं?