आवडीचं इंग्रजी गाऱ्हाणं

सायबाशी बोलायला वाघाचं काळीज लागत नाही, इंग्रजी दुसरी पुरते, असं आवडीने कापडे गावाच्या अख्ख्या गावकीला ऐकवलं. महाडला आत्याकडे राहून शाळेत जाणारी गावातली ती पहिलीच मुलगी. घरी आली की म्हशीलासुद्धा "कम हिअर" म्हणायची, आणि म्हैस यायचीही. आई म्हणे, म्हैस घमेलं बघून येते. पण आईला कुठे इंग्रजी येत होतं?

आवडीचा बा महिपत मुंबईत एका सायबाचा खानसामा होता. ऊन तापायला लागलं की सायब महाबळेश्वरला निघायचा, आणि ते नेमकं शिमग्यात. त्यामुळे गावदेवीची पालखी दारी आली की ती खांद्यावर घेऊन नाचायला यांच्या घरचा पुरुषच नसे. शेजारचा सदू नाचायचा. आई दाराआड उभी राहून बघायची, आणि मग उगाच चुलीकडे जायची. फार लहानपणी बाला नाचताना बघितलेलं आवडीला आठवत होतं, पण धुळीने माखलेले त्याचे पायच तेवढे. वरचा बा काही केल्या दिसत नव्हता.

यंदा सायबाची मोटार पोलादपूरच्या बंगल्यावर मुक्कामाला थांबली. पालखीला दोनच दिवस होते.

"बाची सुट्टी मी मागते," आवडी म्हणाली.

पण मागायची कुठल्या शब्दाने? मास्तरांनी शिकवलं होतं, आस्क म्हणजे मागणे, बेग म्हणजेही मागणे, रिक्वेस्ट, प्रे, डिमांड, सगळी मागणीच. "मात्र प्रत्येकाची जागा वेगळी," असं ते म्हणाले, आणि जागा सांगायच्या आत घंटा झाली.

तिने देवीपुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या गोमाजीला विचारलं. म्हातारा हसला. "एका शब्दावर भागतंय व्हय? मी देवीला काय सांगतो? इडापिडा, रोगराई, अडीअडचन. चारी अंगांनी कुंपन घालायचं. एक फट ठेवलीस तर देव तिथनंच निसटतो, मग सायब तर काय! आनि गाऱ्हानं एकट्यानं नाय घालायचं गो. मागनं व्हय म्हाराजा म्हनाया गाव लागतो."

गाव निघाला. नारळ, गुलाल आणि सदूच्या काखेत कोंबडा.

सायब बंगल्याच्या ओसरीवर मडमेबरोबर चहा घेत होता. आवडीने हात जोडले.

"सर, वी आस्क लीव्ह फॉर महिपत!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. मडमेच्या बशीत चहा सांडला.

"वी रिक्वेस्ट! वी बेग! वी प्रे!"

"व्हय म्हाराजा!"

"वी डिमांड!"

यावर गावाने जो आवाज टाकला, त्याने बंगल्याच्या कौलांवरची माकडं पळाली. मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या दिवसांत माणसं एका सुरात ओरडली की सायबलोकांच्या डोळ्यांपुढे मिठाची पोती नाचत. हा सायब खुर्चीमागे गेला आणि "महिपत! महिपत!" करू लागला. तेवढ्यात गोमाजीने पायरीवर नारळ फोडला आणि सायबाच्या बुटांवर मूठभर गुलाल वाहिला.

सायबाने बूट बघितले. आपल्याला हाकलत नाहीत, पुजतायत, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा फुलला. तो मडमेशी बोलला, मग आवडीशी भरभर पुष्कळ बोलला. तिला त्यातलं "फेस्टिव्हल" कळलं, आणि "डिलाइटेड". दारात महिपत ट्रे घेऊन उभा राहून नाही-नाही अशी मान हलवत होता, पण त्याच्याकडे बघतो कोण.

"काय म्हनला गो?" गोमाजीने विचारलं.

"आनंदानं, म्हनला."

गाव नाचत घरी आला. आईने अंगण सारवलं, जुना फेटा उन्हात टाकला.

पालखीच्या दिवशी खरंच मोटार आली आणि बा उतरला. त्याच्यामागून भांड्यांची पाटी उतरली. तिच्यामागून सायब, मडम आणि त्यांचे चार पाहुणे उतरले. आनंद झाला होता तो शिमगा बघायला येण्याचा. पाहुणे आले म्हणजे जेवण आलं, आणि जेवण आलं म्हणजे खानसामा आला.

दारात ढोल वाजला तेव्हा महिपत मागल्या पडवीत अंड्यात कोपरापर्यंत बुडालेला होता. असल्या हातांनी पालखीला शिवायचं कसं? तो धुऊन येईतो पालखी पुढच्या दाराला गेली. आणि आपल्या अंगणात नाचलं कोण? फेटा बांधून खुद्द सायब. आई दाराआड उभी होती, आणि मग चुलीकडे गेली. या वेळी चुलीपाशी बा होता, एवढाच काय तो फरक.

दिवेलागणीला मोटारीत सामान चढलं. आवडी बाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. धुतलेल्या हातांना अजून कांद्याचा वास येत होता.

"'जाऊ नको'ला पन लय शबुद हायत काय गो?" त्याने विचारलं.

"हायत की. स्टे."

"व्हय म्हाराजा," बा हळूच म्हणाला.

"रिमेन. वेट."

"व्हय म्हाराजा."

"हॉल्ट."

भोंगा वाजला. महिपतने पाटी उचलली आणि मोटारीत जाऊन बसला.

'हॉल्ट' त्या जागी बसत नाही, असं मास्तरांनी पुढे सांगितलं. आवडीने मान डोलावली. बाकीचे तरी कुठे बसले होते म्हणा.