टिपणीसांकडचा पाहुणा कुत्रा

रवींद्र टिपणीसांनी आपल्या कुत्र्याच्या, मफलरच्या, पोटाभोवती निळी मास्किंग टेप गुंडाळली, तिच्यावर स्पिरिट लेव्हल धरून बुडबुडा बरोबर मधोमध आल्याची खात्री केली आणि कात्री मागितली. शीलाताईंनी ती दिली नाही. केस कापणाऱ्या ग्रूमरकडे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असं त्या सकाळपासून विचारत होत्या.

"व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतरची, पार मेअखेरची तारीख देतेय ती मुलगी," टिपणीस म्हणाले. "वर मलाच विचारते, डू यू एव्हर ब्रश हिम? आयुष्यभर हायवेचे ब्रिज डिझाइन केले मी. एका कुत्र्याचे केस कापता येणार नाहीत मला?"

"अहो, पूल हलत नाहीत. आणि पहिलंच जावळ आहे त्याचं, तर मांडीवर घ्यायला मामाला तरी बोलवा."

टिपणीसांनी स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबिरीची कात्री आणली.

मफलर ल्हासा अप्सो होता. त्याचे केस जमिनीपर्यंत लोळत, त्यामुळे त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते तो चालायला लागल्यावरच कळे. ओकव्हिलच्या त्या कॉन्डोच्या इमारतीत त्याला लहानथोर सगळे ओळखत. यंदा बर्फ वितळल्यावरच्या चिखलात त्याने यथेच्छ लोळून घेतलं आणि अंगभर गाठी करून ठेवल्या. रविवारी कॉन्डोची वार्षिक सभा होती. टिपणीस प्रेसिडेंटपदाला पुन्हा उभे होते, आणि प्रेसिडेंटचा कुत्रा पायपुसण्यासारखा दिसून चालणार नव्हतं.

हे पद त्यांना जिवापाड हवं होतं. रिटायर झाल्यापासून जगात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. पोटची मुलगीसुद्धा घर गरम ठेवणारा नवा फर्नेस बसवून मोकळी झाली आणि मग फोन केला. इथे मात्र कचरा टाकायच्या गार्बेज शूटपासून पार्किंगपर्यंत पान त्यांच्यावाचून हलत नसे. नियमही त्यांनीच करून घेतले होते. एका घरात एकच कुत्रा, आणि पाहुणा कुत्रा असलाच तर फक्त एका रात्रीपुरता. त्या नियमापायी समोरच्या डोरीनबाईंना आपला दुसरा कुत्रा, बिस्किट, बॅरी गावी बहिणीकडे पाठवावा लागला होता. तेव्हापासून त्या टिपणीसांशी बोलत नव्हत्या.

उजवी बाजू सुरेख झाली. टेपच्या रेषेवरून कात्री सरळ चालली आणि टिपणीसांनी बायकोकडे एकदा अर्थपूर्ण पाहिलं. डावी बाजू घेताना मफलर खाली बसला. टेप सरकली, हे काप देऊन झाल्यावर लक्षात आलं. मग डावी तोकडी झाली म्हणून उजवी कमी केली. त्यामुळे पाठीवर उंटाची मदार आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून पाठ घेतली. अंग उतरल्यावर डोकं भलतंच मोठं दिसू लागलं, तेव्हा डोकंही घ्यावं लागलं.

शेवटी टेबलावर एक हडकुळा, ठिगळाठिगळांचा प्राणी उभा होता. त्याला दोन डोळे होते, ही टिपणीसांच्या घरात नवीनच माहिती होती. त्या डोळ्यांनी त्याने मालकाला नीट न्याहाळलं आणि तो सोफ्याखाली निघून गेला.

शीलाताईंनी टेबलाखालचा ढीग झाडूने एकत्र केला. मग त्यांनी केराची मोठी पिशवी आणायला सांगितलं.

संध्याकाळी फिरायला न्यावंच लागलं. एलेव्हेटरमध्ये नेमके वरच्या मजल्यावरचे ग्रेवाल भेटले.

"टिपणीस साब, नया लिया क्या?"

खरं सांगायचं तर कात्रीचं सांगावं लागलं असतं. टेपचं आणि स्पिरिट लेव्हलचंही निघालं असतं, आणि ज्या माणसाने पूल बांधले त्याची शोभा झाली असती. टिपणीसांच्या तोंडून निघून गेलं, "नहीं नहीं, मेहमान है. बेटी का." मफलर कुठे आहे, असं ग्रेवालांनी आपुलकीने विचारलं. तो वर झोपलाय, असंही टिपणीसांनी सांगून टाकलं.

पाहुणा दुसऱ्या दिवशीही दिसला आणि तिसऱ्या दिवशीही. नियम मोडला गेला होता, आणि तो कोणी मोडला हे डोरीनबाईंनी बाल्कनीतून डोळे भरून पाहिलं होतं. त्यांनी थेट प्रॉपर्टी मॅनेजरला फोन लावला.

मॅनेजर ही अवंतिका नावाची मुंबईची मुलगी होती. ती अवघडतच दारात उभी राहिली. आता मात्र टिपणीसांनी सगळं खरं सांगितलं. हाच मफलर, केस मीच कापले, कोथिंबिरीच्या कात्रीने कापले.

"काका, प्लीज असं नका सांगू," ती म्हणाली. "मफलर याच्या तिप्पट आहे. तुम्ही दोघांनाही बाहेर आणा ना, मग विषयच क्लोज करते मी."

"दोघं आणू कुठून? एकच आहे."

"पण मफलर वर झोपलाय, असं तुम्हीच ग्रेवाल अंकलना सांगितलंय."

टिपणीसांनी हुकमी पुरावा म्हणून "मफलर, ये" अशी हाक मारली. मफलर उठला, शीलाताईंच्या मागे जाऊन लपला आणि तिथून गुरगुरला. अवंतिकाने आशेने शीलाताईंकडे पाहिलं. बोर्डाच्या कामात मी कधी पडत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी पार्टी रूम गच्च भरली. टिपणीस राजीनामा खिशात घालून गेले होते. आता परत घरात बसायचं आणि कोणाच्या फोनची वाट बघायची, एवढंच उरलं होतं. डोरीनबाई उठल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

डोरीनबाई म्हणाल्या की तक्रार आपणच केली, कारण या माणसाला आपण दगड समजत होतो. पण मुलीने दारात आणून सोडलेल्या त्या रोगट, केस झडलेल्या जिवाला त्याने बाहेर काढलं नाही. निवडणूक तोंडावर असताना स्वतःचाच नियम मोडून त्याला ठेवून घेतलं. असा नियम रद्दच व्हायला हवा, म्हणजे माझा बिस्किटही घरी येईल. एवढं बोलून त्या रडायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टिपणीस खुलासा करायला उठले. शेजारून ग्रेवालांनी कोट धरून त्यांना खाली बसवलं.

"बैठे रहो, साब. जीत रहे हो."

टिपणीस बसले. नियम गेला आणि प्रेसिडेंट राहिला. इतकी मतं त्यांना याआधी कधीच पडली नव्हती. पण जाता जाता जो तो एकच विचारत होता, दोन्ही कुत्र्यांना एकत्र कधी बघायला मिळणार?

घरी येऊन ते सोफ्यावर कोसळले. "शीला, आता लांब केसांचा मफलर आणू कुठून?"

"जॉर्जटाउनहून," शीलाताई म्हणाल्या. "एका बाईंना त्यांचा ल्हासा चांगल्या घरी द्यायचाय. पूर्ण केसांचा आहे. मी शुक्रवारीच बोलून ठेवलंय."

"शुक्रवारी? म्हणजे सभेच्या आधी?"

"मला दुसरा पहिल्यापासून हवा होता. तुमचा नियम आडवा येत होता. अवंतिका आली तेव्हा म्हटलं, आपण कशाला बोला."

पुढच्या शनिवारी टिपणीस दोन्ही कुत्री घेऊन खाली उतरले, मागून शीलाताई. डोरीनबाई बिस्किटला घेऊन लॉनवर उभ्याच होत्या. त्यांनी गुडघ्यावर बसून जॉर्जटाउनच्या कुत्र्याला मिठी मारली. मफलर, तुला तर मी कुठेही ओळखीन, असं त्या त्याला सांगत राहिल्या. खरा मफलर बाजूला बसून अंग खाजवत होता.

मग त्यांची नजर त्याच्याकडे गेली. हा गरीब बिचारा आता इथेच राहणार ना, याचं नाव काय, त्यांनी विचारलं.

टिपणीसांनी हा विचारच केला नव्हता.  शीलाताईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. त्या खाली वाकल्या आणि मफलरच्या भादरलेल्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला.

"रवींद्र," त्या म्हणाल्या.