पाणी न विचारणारं घर

भर मे महिन्यात, अकोल्यात, दारी आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेला आहे. सुखदेवभाऊ आमचे शेजारी. जुन्या शहरात त्यांची आमची भिंतीला भिंत. तीस वर्षं ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी गल्लोगल्ली व्हॉल्व्ह सोडले. नळ कधी येणार हे विचारायला बायका त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. आता त्यांच्याच दारात कोणी उन्हाचं आलं, की भाऊ त्याला खुर्चीवर टेकूही देत नाहीत. "चाला," म्हणतात, "पह्यले मॅडमकडे जाऊन येऊ."

मॅडम म्हणजे मी. शाळेत गणित शिकवते. पाहुणा आमच्या ओट्यावर येतो, मी पाणी देते, तो पितो, माझ्याकडे जरा संशयाने बघतो आणि मग भाऊ त्याला आपल्या घरी नेऊन बसवतात. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला सहा जण आले होते. त्यांतल्या म्हातारीला हेच भाऊंचं घर वाटलं. तिने मला कुंकू लावलं, पत्रिका दिली आणि निघूनही गेली. भाऊंना ती पत्रिका संध्याकाळी माझ्याकडून मिळाली.

कारण साधं आहे. भाऊंच्या पत्नीच्या, इंदूताईंच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट. होळी झाली की जिथे माणूस उभ्याउभ्या वाळतो, त्या गावात पाऊण लिटर. डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दिवशी भाऊंनी घरी येऊन जाहीर केलं, "या घरात तिच्यासमोर कोनी पानी पेनार नाई. मी बी नाई."

आणि भाऊंचा कारभार खात्याचा. माठ आमच्या ओट्यावर आला. तांबे, गिलास कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. कूलर खिडकीबाहेरून पाईप लावून भरायचा, तोही इंदूताईंचा डोळा लागल्यावर. टीव्हीवर थंड पेयाची जाहिरात आली, की भाऊ पडद्यासमोर उभे राहतात. नदी दिसली, धबधबा दिसला, हिरॉईन भिजायला लागली, की चॅनल बदलतात. त्यामुळे दोन वर्षांत इंदूताईंना एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहायला मिळालेला नाही.

रोज सकाळी ते त्यांना वजनकाट्यावर उभं करतात आणि वाकून आकडा वाचतात. "अर्धा किलो वाढलं. लाईनीत साचून राह्यलं कुठीतरी." डायलिसिसचं मशीन पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी टेक्निशियनला विचारलं होतं, "प्रेशर किती ठेवता? अन् लाईट गेली तं व्हॉल हातानं फिरते का?" तो बिचारा खात्यातून कोणी तपासणीला आलं असं समजून तासभर त्यांना माहिती देत होता. अजूनही तो त्यांना साहेब म्हणतो.

आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा तर भाऊंनी कमालच केली. गुरुजींनी इंदूताईंच्या हातावर तीर्थ घालायला पळी उचलली, आणि भाऊंनी मध्येच हात घातला. "एक पळी म्हनजे किती एमएल, महाराज?" गुरुजी पळी तशीच धरून बसले. तीस वर्षांच्या भिक्षुकीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. शेवटी औषधाच्या बाटलीचं झाकण आणून पळी मोजली, आकडा भाऊंच्या डायरीत गेला, आणि मग इंदूताईंना तीर्थ मिळालं.

मी त्यांची पुष्कळ टिंगल करते, पण तोंडावर करते. ते स्वतः दिवसातून तीनदा आमच्या ओट्यावर येतात. "टाकी भरून घेतो, मॅडम." उभ्यानेच तीन गिलास रिचवतात. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसतात, पुन्हा पुसतात आणि मला विचारतात, "मिशी ओली तं नाई दिसत?" नाही म्हटलं की घरी जातात.

तरी मला त्यांचा रागही यायचा. इंदूताईंचे थोरले भाऊ महादेवराव हिवरखेडला राहतात. मागच्या उन्हाळ्यात ते भर दुपारी एसटीने आले. भाऊंनी त्यांनाही दारातूनच आमच्याकडे वळवलं. महादेवराव जुन्या वळणाचे. ते ओट्यावर उभे राहिले, मी पुढे केलेल्या गिलासाला हातही लावला नाही. "सख्ख्या बहिनीच्या घरी पानी नाई, अन् शेजाऱ्याच्या घरचं पेऊ?" म्हणाले, आणि तसेच स्टँडवर परत गेले. पुढे वर्षभर फिरकले नाहीत. त्यांचं पाहून बाकीचेही कमी झाले. आजाऱ्याचं घर, त्यात पाणी नाही. लोकांना तरी किती समजावणार?

शाळेतून आले की मी इंदूताईंजवळ बसायची. दर वेळी त्या विचारायच्या, "दादा कावून येत नसन, मॅडम?" एकदा मी भाऊंना सरळच म्हटलं, "भाऊ, तुमी पान्यासंग मानसं बी बंद करून टाकले." ते रागावले. दीड दिवस आमच्या ओट्याकडे आले नाहीत. मग तहानेने आणलं.

परवा सकाळी इंदूताईंनी मला भिंतीवरून हाक मारली. "एक तांब्या अन् दोन गिलास देता का? आमच्या ह्यायले सांगू नोका." मी तांब्या भरून सगळं पदराखाली झाकून नेऊन दिलं.

दुपारी महादेवराव आले. बहिणीनेच फोन करून बोलावलं होतं. मी तिथेच होते. भाऊ सवयीने उठले आणि चप्पल शोधू लागले. "चाला महादेवराव, मॅडमकडे..."

"बसा तुमी," इंदूताई म्हणाल्या. पलंगाखालून त्यांनी तांब्या काढला. सुई टोचून टोचून फुगलेल्या त्या हाताने गिलास भरला आणि भावापुढे धरला.

"इंदू, काय करून राह्यली?" भाऊ चप्पल सोडून वळले.

"माह्या भावाले पानी देऊन राह्यली. पे दादा. माह्यासमोर पे."

महादेवराव आधी बहिणीकडे, मग भाऊंकडे बघत राहिले. मग सगळा गिलास घटाघटा प्यायले. इंदूताई एकटक पाहत होत्या. त्यांना त्रास होईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी दुसरा गिलास भरला आणि नवऱ्यापुढे केला.

"घ्या. दोन वर्सं झाले, तुमाले पानी पेतानी पाह्यलं नाई मी."

"तुले तहान लागन," भाऊ म्हणाले.

"ते तं लागतेच. तुमी पेलं तं बी लागते, नाई पेलं तं बी लागते. पन घरात कोनी नसलं, का जास्त लागते."

भाऊ पलंगाच्या कडेला टेकले. मग त्यांनी गिलास घेतला. अर्ध्या अकोल्याला पाणी सोडलेल्या या माणसाला पहिल्याच घोटाला ठसका लागला. इंदूताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हळू. कोनी मांगं लागलं काय?" आणि हसल्या. भाऊंनी खोकत खोकत गिलास संपवला आणि पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

तांब्या रिकामा झाला होता. मी तो भरून आणायला घरी आले आणि आधी स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडले. मग तांब्या भरला आणि घेऊन गेले.