आठ खुर्च्या आणि एक घोंगडी

सोपानआप्पांच्या पुढ्यात खुर्ची आली की पहिल्यांदा ते ती उलटी करत. तिच्या पाठीवरची नक्षी, हातांची गोलाई, असल्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नसत. चारी पाय आभाळाकडे करून तिला जमिनीवर ठेवायचं, शेजारी उकिडवं बसायचं आणि तिच्या पोटाला नाक लावून वास घ्यायचा. मग बोटाच्या पेराने टकटक, सांध्यातून नख फिरवणं, आणि शेवटी निकाल: "खुर्चीचं तोंड बघून भुलू न्हाई, गुरुजी. पॉलिश वरनं लावत्यात. खालनं कोण लावतंय?"

नव्वदच्या दशकात मी मांडवगण फराट्याला शिक्षक म्हणून आलो, तेव्हा आप्पांचं घर माझ्या भाड्याच्या खोलीला लागूनच होतं. घराणं मेंढपाळांचं. तरुणपणी आप्पा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरलेले. पुढे भीमेकाठी थोडी जमीन झाली, ऊस लागला, मेंढरं गेली. पण मेंढरू पारखणारी नजर काही गेली नाही. ती रिकामी राहीना, म्हणून खुर्च्यांवर पडली असावी. जुनी खुर्ची बघताना ते पाय चाचपायचे, कणा दाबायचे आणि विकणाऱ्याला गंभीरपणे विचारायचे, "वय किती हिचं? आजारी पडली व्हती का मधी?"

गंमत म्हणजे स्वतः आप्पा खुर्चीवर बसत नसत. त्यामागे एक कथा होती. पंचक्रोशीतल्या कुठल्याशा सोसायटीवर लोकांनी त्यांना एकदा निवडून दिलं. पहिल्याच मीटिंगला दोन तास खुर्चीत बसून आप्पा बाहेर आले आणि पारावर भर गर्दीत म्हणाले, "हीच माणसं जमिनीवर बसली की किती सरळ बोलत्यात! खुर्चीत बसली की जीभच वाकडी हुती. आपण ह्यापुढं खुर्चीला बूड लावणार न्हाई." राजीनामा दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून लग्न असो, शाळेतलं झेंडावंदन असो, आप्पा काखेत घोंगडी मारून येत आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपुढे ती अंथरून बसत. लोक हसायचे. पण शब्द पाळावा तर आप्पांनी, असंही तेच लोक म्हणायचे, आणि आप्पांना ते ठाऊक होतं.

अशा माणसाच्या घरात आठ खुर्च्या आल्या त्या सखूकाकींच्या गुडघ्यांमुळे. काकी म्हणजे आप्पांचं कुटुंब. आयुष्यभर खाली बसून भाकरी थापली, खुरपलं, निवडलं. पन्नाशी उलटली आणि गुडघ्यांनी हात टेकले. दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. असंच चाललं तर एक दिवस उठताच यायचं नाही. काकी घरी आल्या आणि पुन्हा खाली बसल्या. उठताना खांबाला धरून "आई गंऽऽ" म्हणायच्या. ती हाक भिंतीपलीकडे मला ऐकू यायची, आणि आप्पांचा तंबाखू मळणारा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

आप्पांनी मनावर घेतलं. बाजारातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांना पटेना. "तिला पोटच न्हाई, पारखायचं काय?" म्हणून जुन्या खुर्च्यांचा शोध सुरू झाला.

या कामात माझी नेमणूक सोबती म्हणून झाली. मीही स्वतःला थोडाफार जाणकार समजत होतो. कोरेगाव भीमाला रस्त्याच्या कडेला मी एकदा एक काळीशार, शिसवी खुर्ची हेरली. विकणारा म्हणाला, शंभर वर्षांची आहे. आप्पांनी उलटी केली, हुंगली आणि म्हणाले, "गुरुजी, हे पोरगं परवा जलमलंय. तोंडाला काळं फासून आणलंय." मी ऐकलं नाही. ती खुर्ची ऐटीत शाळेत नेली. आठवड्याभराने तपासणीला आलेले साहेब तिच्यावर तासभर बसले आणि उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटवर मागच्या बाजूने खुर्चीचा अख्खा नकाशा उमटला होता. त्यानंतर आप्पांपुढे मी खुर्चीबद्दल चकार शब्द काढला नाही.

पहिली खुर्ची दौंडहून आली, जीपच्या टपावर बसून. सागवानी, रुंद, वेताच्या बैठकीची. काकी टेकल्यासारखं करून उठल्या. "चावती." आप्पांनी दिवसभर उन्हात ठेवून एकेक भोक तपासलं, ढेकूण नाही. दुसरी करकरते म्हणाल्या, तर आप्पांनी सांध्यात मेण भरलं. मग ती गप्प आहे म्हणून भीती वाटते असं ठरलं. तळेगाव ढमढेऱ्याला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तिथली नक्षीदार खुर्ची आणली. काकी म्हणाल्या, "हिच्यावर बसलं की कुणी फोटू काढतंय असं वाटतं, श्वासच घेता येत न्हाई." एक कुठल्या तरी जुन्या कचेरीतली, कारकुनाची उंच खुर्ची होती. तिच्यापुढे तर काकी नुसत्या उभ्या राहिल्या. "हिला शिडी कुठाय?"

दोन वर्षांत सात खुर्च्या नापास झाल्या. आप्पा रोज त्या उलट्या करून बघायचे आणि बुचकळ्यात पडायचे. मेंढराच्या बाबतीत ते कधी चुकले नव्हते. इथे खुर्चीत दोष सापडेना आणि बाई बसेना. मध्येच म्हणायचे, "गुरुजी, माझी नजर गेली का काय?" हे मात्र ते हसून म्हणत नसत. तिकडे काकींच्या "आई गं"मधलं अंतर कमी कमी होत होतं.

आठवी खुर्ची दौंडलाच मिळाली. रेल्वेत आयुष्य काढलेल्या एका घरातल्या म्हाताऱ्या मॅडम मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या, सामान विकत होत्या. कोपऱ्यात एक बिनहाताची, बुटकी खुर्ची होती. पाटापेक्षा उंच, खुर्चीपेक्षा ठेंगणी. आप्पांनी विचारलं, "मॅडम, पालथी करू का?" मॅडम चकित झाल्या, पण मान हलवली. आप्पांनी हुंगलं, वाजवलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"इसपे मम्मी बैठती थी," मॅडम म्हणाल्या. "हम सब बच्चों को इसी पे बैठके दूध पिलाया."

"मम्मीचे गुडघे कसे व्हते?" आप्पांनी विचारलं.

मॅडमना मी हिंदीत समजावलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मम्मी शेवटपर्यंत चर्चला चालत जात होती.

"न्हेतो," आप्पा म्हणाले. निघताना परत वळले. "मॅडम, काळजी करू नगा. नांदंल ती आमच्यात." हे काही मी हिंदीत सांगितलं नाही. पण मॅडमनी डोळे पुसले, म्हणजे त्यांना कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आप्पांच्या ओसरीवर गेलो तर काकी त्या खुर्चीवर बसल्या होत्या. पाय नीट जमिनीला टेकलेले, मांडीवर सूप, मटकी निवडणं चाललेलं. चेहऱ्यावर इतकं स्वास्थ्य मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "काकी, जमली म्हणायची!" त्या लाजल्या. तेवढ्यात आप्पा शेतातून आले. पाय धुतले, नेहमीसारखी घोंगडी अंथरली आणि खाली बसले.

काकींनी सूप बाजूला ठेवलं. एक हात खांबाला, एक हात गुडघ्याला. खुर्चीवरून घसरत घसरत त्या जमिनीवर आल्या. "आई गंऽऽ."

"अगं, आता हिला काय झालं?" आप्पा ओरडलेच. "हिच्यात काय खोट हाय?"

"खुर्चीत कुठं खोट हाय?" काकी सुपाकडे बघत म्हणाल्या. "चांगली हाय. समद्याच चांगल्या व्हत्या."

"मंग?"

"तुमी खाली, घोंगडीवर. आन् मी तुमच्या डोक्यावर बसू व्हय? माझ्या आईनं असं शिकवलं न्हाई."

आप्पांच्या तळहातावर तंबाखू तसाच राहिला. दोन वर्षं ते खुर्च्यांची पोटं हुंगत हिंडले होते, आणि खोट त्यांच्या स्वतःच्या बुडाखाली, घोंगडीत होती. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. आप्पा काकींच्या गुडघ्यांकडे बघत होते. मग मला म्हणाले, "गुरुजी, जरा हात लावता का? ती कचेरीतली उंच खुर्ची बाहीर काढायची हाय."

आम्ही ती ओसरीवर आणली. आप्पांनी घोंगडीची घडी केली, खुंटीला टांगली आणि त्या खुर्चीवर चढले. चढले हाच शब्द बरोबर. पाय जमिनीला टेकेनात. एसटीत उभ्याने जाताना दांडी धरावी तसे खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून, ताठ, घाबरलेले बसले. "बस आता," ते म्हणाले.

काकी उठल्या, बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्यांचं डोकं आप्पांच्या गुडघ्याशी आलं. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. पारावर कुणीतरी विचारलं, "काय आप्पा, शबूद मोडला म्हणं?" ज्या शब्दावर त्यांनी वीस वर्षं मान मिरवला, तो शब्द. आप्पा म्हणाले, "मोडला. जुना झाला व्हता." आणि घरी निघाले, कारण दिवस मावळायला आला होता आणि ती काकींची निवडणं-टिपणं करायची वेळ होती.

माझी बदली होईपर्यंत मी रोज संध्याकाळी खिडकीतून त्या दोघांना बघायचो. खुर्चीची सवय आप्पांना शेवटपर्यंत झाली नाही. काकी चहा ठेवायला आत गेल्या की ते लगेच खाली उतरायचे, उघड्या फरशीवर मांडी ठोकायचे, पाठ भिंतीला टेकून डोळे मिटायचे. मग आतून कपबशीचा आवाज यायचा. तो आला की आप्पा घाईघाईने उठायचे आणि पुन्हा वर चढून बसायचे.