आशीर्वाद लागलेले सॉसेज

"कोणीतरी व्हिनेगर सांडलंय बाई. व्हिनेगर आणि लसूण. सकाळी सात वाजता, चर्चमध्ये." मागच्या बाकावरची म्हातारी शेजारणीच्या कानात कुरकुरत होती. शेजारणीला कमी ऐकू येत असल्यामुळे ती कुरकुर पुढच्या तीन बाकांपर्यंत व्यवस्थित पोचत होती.

डोरिसने मान न वळवता पायाशी ठेवलेली कापडी पिशवी टाचेने आणखी आत सारली. मग, संशय आपल्यावर येऊ नये म्हणून, तिनेही नाक वर करून दोनदा हुंगलं आणि नापसंतीने इकडेतिकडे पाहिलं. उजवीकडे बसलेल्या एका निरपराध गृहस्थाने घाईघाईने आपले हात हुंगून बघितले.

पायाशी खरं तर दोन पिशव्या होत्या आणि दोन्हींवर सोनेरी अक्षरांत 'आल्विन आणि ऋतिका' असं छापलेलं होतं. फेब्रुवारीत डोरिसच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आहेरासाठी तीनशे पिशव्या छापून घेतल्या होत्या. त्यातल्या एकशे चाळीस उरल्या. तेव्हापासून त्या घरातली भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे, सगळं नवरानवरीच्या नावानेच ये-जा करत होतं. आज एका पिशवीत बारा नव्या रोझरी, म्हणजे जपमाळा, होत्या. ऑक्टोबर महिना, मदर मेरीची मूर्ती वाडीत घरोघर फिरणार, आणि डोरिस वाडीच्या रोझरी मंडळाची प्रमुख. घरटी एक रोझरी द्यायची, आणि त्याआधी फादर टेरेन्सकडून त्या आशीर्वादित करून घ्यायच्या. दुसऱ्या पिशवीत सॉसेजच्या दोन माळा होत्या.

या दुसऱ्या पिशवीबद्दल डोरिस जगात कोणाशीही बोलत नसे.

ठाकूरद्वारच्या मागच्या त्या वाडीत डोरिसचे सॉसेज प्रसिद्ध होते. 'सासूबाईंची रेसिपी, घरचा मसाला, घरचं व्हिनेगर,' असं ती सांगायची, आणि दर ख्रिसमसला एक माळ फादरना, एक डॉक्टरांना भेट जायची. खरी गोष्ट अशी होती की लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला तिने ते खरोखर घरी केले होते. दोन किलो. दोन दिवसांत संपले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "असे सॉसेज या घरात आजवर कोणी केले नव्हते." ते वाक्य डोरिसने मेडलसारखं जपलं होतं. पुढच्या वर्षी आल्विन पोटात होता, मसाल्याच्या वासानेच उलटी यायची, म्हणून तिने गुपचूप चर्चच्या गेटवर टोपली घेऊन बसणाऱ्या ओलिव्हियाकडून एक माळ आणली. घरातल्यांनी बोटं चाटली. मग पुढच्या वर्षीही आणली, आणि पुढे ख्रिसमस नसतानाही. अशी सव्वीस वर्षं झाली.

दर वेळी ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, ओलिव्हियाचा निळा दोरा कापायची आणि सॉसेज पांढऱ्या दोऱ्याने नव्याने बांधायची. एवढे कष्ट घेतल्यावर ते घरचेच म्हणायला हरकत नाही, असं तिला कधी कधी प्रामाणिकपणे वाटायचं. तरी दर वर्षी ख्रिसमसच्या आधी ती कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला, जाऊन फादरना 'खाण्यापिण्याच्या बाबतीत एक लहान खोटं' एवढंच मोघम सांगून यायची. पुढच्या आठवड्यात त्याच खोट्याची एक माळ फादरना पोचायची.

पण आजचा रविवार अवघड होता. नऊ वाजता ऋतिकाची आई, म्हणजे वरळी कोळीवाड्याच्या गुणवंतीबाई, लग्नानंतर पहिल्यांदाच नाश्त्याला यायच्या होत्या. लग्नाच्या गडबडीत डोरिसने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "ऋतिकाला मी स्वतः सॉसेज शिकवणार. आमच्या घरची विद्या तिच्याकडेच जाणार." गुणवंतीबाईंनी ते लक्षात ठेवलं. लेकीला काय शिकवतात ते बघायलाच त्या येणार होत्या. डोरिसने ठरवलं होतं की आजपुरते सकाळीच गेटवर घेतलेले हे तयार सॉसेज तळून वाढायचे आणि शिकवण्याचं 'थंडी पडू दे' म्हणून पुढे ढकलायचं. विहीणबाईंसमोर, आणि त्याहून जास्त सुनेसमोर, सव्वीस वर्षांची अब्रू त्या पिशवीत होती.

मासच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, शेवटी फादर टेरेन्स वेदीवरून खाली आले आणि म्हणाले, ज्यांनी रोझरी आणल्या असतील त्यांनी हात वर करून धराव्यात. डोरिसने वाकून पिशवी उचलली आणि मंडळाच्या प्रमुखाला शोभेल अशी सगळ्यांत उंच धरली. प्रार्थना सुरू झाली. दुसऱ्या ओळीला डोरिसच्या मनगटावर काहीतरी गार, ओशट थेंब पडला. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. थेंब लाल होता.

आता हात खाली घ्यावा तर शेजारचे गृहस्थ बघत होते. न घ्यावा तर थेंब कोपराकडे निघाला होता. डोरिस हात वर धरून तशीच उभी राहिली. फादर एकेका बाकाजवळ पवित्र पाणी शिंपडत आले, मंडळाच्या प्रमुखांपाशी आदराने थांबले आणि त्यांनी त्या पिशवीवर इतरांपेक्षा दोनदा जास्त पाणी शिंपडलं.

"आमेन," मागची म्हातारी म्हणाली. "वास वाढला बाई."

घरी आल्यावर डोरिसने नवऱ्याला, मॅथ्यूला, स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून सगळं सांगितलं, फक्त सॉसेज कुठून आले तेवढं सोडून. मॅथ्यू गोदीतून रिटायर झालेला, थंड डोक्याचा माणूस. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं की मग अडचण काय आहे.

अडचण डोरिसनेच तयार केलेली होती. आशीर्वाद दिलेली वस्तू केरात टाकायची नाही, ती जाळायची किंवा पुरायची, हा नियम तिने वाडीत इतका कडक लावला होता की मागच्या वर्षी शेजारच्या जेनेलला तिने फुटकी मूर्ती सुक्या कचऱ्यातून परत काढायला लावली होती. आणि रोझरीची प्रार्थना म्हटलेली वस्तू पावात घालून खायची, हे तर तिच्या नियमांत कुठेच बसत नव्हतं.

"जाळायचेच ना?" मॅथ्यू म्हणाला. "मग तव्यावर जाळ. कांदा मी चिरून देतो."

"चेष्टा नको. पुरूया आपण. मागे चाफ्याखाली खड्डा कर."

"चाफ्याखाली नको," मॅथ्यू एकदम म्हणाला.

"का?"

"मुळं आहेत," असं म्हणून तो कांदे शोधायला लागला.

मॅथ्यूचा जीव सॉसेजमध्ये होता हे डोरिसला माहीत होतं. नाश्त्याला कोणतं मटण, या प्रश्नावर त्या घरात कधीच एकमत नव्हतं. मॅथ्यूला सॉसेज हवेत, तेही त्यांचं लाल तेल पाव पिऊन टाकेपर्यंत परतलेले. आल्विन हॉटेलात रोज सकाळी परक्यांसाठी दोनशे पट्ट्या बेकन तळायचा आणि घरी येऊन पुन्हा बेकनच मागायचा. आजही तो तिकडेच तळत होता. डोरिसला स्वतःला मिरपूड लावलेली कलेजी आवडायची. बाकीचे कलेजीकडे बघून नाक मुरडत म्हणून ती वर्षातून एकदा, वाढदिवसाला, स्वतःपुरती करून घ्यायची. राहिली ऋतिका. आठ महिन्यांत तिने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. "चालतं मम्मी, सगळं चालतं," म्हणायची. डोरिसला या सुनेचं हेच कोडं होतं. सगळं चालतं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं ते कळत नाही.

शेवटी डोरिसने फादरना फोन लावला. फादर टेरेन्स हसून म्हणाले की अन्नाला आशीर्वाद लागला तर ते खावं, त्यासाठीच तो असतो. देव एवढ्या तेवढ्यावरून रागावत नाही. डोरिसच्या जिवात जीव आला. ती फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "पण डोरिस, घरचे सॉसेज चर्चमध्ये कशाला आणले होतेस?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिच्या अभ्यासाबाहेरचा होता.

"तुमच्यासाठी, फादर," तिने सांगून टाकलं.

"असं? मग आणून कशाला देतेस, मीच येतो. सकाळपासून दोन मास झाले, पोटात काही नाही. आणि त्या रोझरी काढून ठेव, त्याही आशीर्वादित करून टाकू."

निळे दोरे कापायला डोरिसला वेळच मिळाला नाही. फादर आणि गुणवंतीबाई एकाच वेळी फाटकात पोचले. फादर बाहेर मॅथ्यूजवळ बसले, पण गुणवंतीबाई, अंगभर सोनं आणि हातात भाजलेल्या सुक्या बोंबलांचा डबा, सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. "बसाला नाय आले मी, इनबाय. मना बघाचं हाय तुमी कसं करताव ते."

डोरिसने ओट्याकडे पाठ करून माळा झाकल्या आणि चुलीपासून हवामानापर्यंत सुचेल ते बोलायला लागली. तेवढ्यात ऋतिका मधे आली. "मम्मी, तुम्ही आयेशी बोला, मी कापते," म्हणाली, आणि कात्री घेऊन अशी उभी राहिली की तिच्या पाठीमागून ओट्यावरचं काही दिसू नये. डोरिसला नशिबाचं नवल वाटलं. सॉसेज सुटे होऊन कढईत पडले, कांदा पडला, आणि त्या वासाने वाडीतली दोन मांजरं आणि फादर एकाच वेळी दाराशी आले.

टेबलावर सगळं छान चाललं होतं. फादरनी बारा रोझरींवर प्रार्थना म्हटली, मॅथ्यूने तिसरा पाव घेतला. गुणवंतीबाईंनी मोकळेपणाने सांगितलं की त्यांची पसंती विचाराल तर सकाळी तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील, बाकीचं कौतुकापुरतं. पण सॉसेज त्यांना नवे नव्हते, शेजारधर्मापायी खाल्ले होते. मग फादर चावता चावता थांबले. त्यांनी तोंडातून हलकेच काहीतरी काढलं आणि ताटलीच्या कडेला ठेवलं. वीतभर निळा दोरा.

मॅथ्यू पावाकडे बघायला लागला. फादरनी खिडकीबाहेर बघून यंदा ऑक्टोबर फार तापल्याचं सांगितलं. ऋतिकाने पाण्याचा तांब्या उचलून नेमका त्या ताटलीपुढे ठेवला. गुणवंतीबाईंनी तांब्या बाजूला केला, दोरा उचलला आणि उजेडात धरला.

"ह्यो तं आमचा दोरा," त्या म्हणाल्या. "जाल्याचा. आमच्या शेजारची ओलिव्हिया मयन्याला एक रीळ नेते माझ्याकडशी."

"आये, पाव घे," ऋतिका म्हणाली.

"पाव हाय माझ्या ताटात. मी काय बोलतंय—"

"आये, घे ना गो पाव."

डोरिसचं लक्ष तेव्हा सुनेच्या डाव्या हाताकडे गेलं. मगापासून ती एकाच हाताने वाढत होती. डावी मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून निळ्या दोऱ्यांची टोकं बाहेर आली होती. ओलिव्हियाच्या शेजारघरात वाढलेली मुलगी ही. गेले आठ महिने ती ताटातले सॉसेज ओळखत होती आणि 'चालतं मम्मी' म्हणत होती.

डोरिसने खुर्ची ओढली आणि बसली. सव्वीस वर्षं आपण पांढरा दोरा बांधत होतो तो नेमका कोणाच्या डोळ्यांवर, असा प्रश्न तिला पडला, आणि त्याचं जे उत्तर आलं त्याने तिला हसू फुटलं.

"विकतचे आहेत," ती म्हणाली. "आज नाही, सव्वीस वर्षं विकतचेच आहेत. ओलिव्हियाकडचे."

तिला वाटलं होतं की खोली थोडी तरी हादरेल. गुणवंतीबाईंनी 'मी तेच बोलत होते' अशी मान हलवली. फादरांच्या चेहऱ्यावर, वर्षानुवर्षं अडलेलं शब्दकोडं सुटलं पण कोणाला सांगता येत नाही, असं समाधान पसरलं. मॅथ्यू म्हणाला, त्याला आल्विन पहिलीत असल्यापासून माहीत होतं. "वाढ अजून दोन," असं म्हणून त्याने ताटली पुढे केली.

ऋतिकाने मूठ उघडली आणि दोऱ्यांचा गुंता टेबलावर ठेवला. "मम्मी, मला खरं तर कलेजी आवडते," ती हळूच म्हणाली. "तुमच्या वाढदिवसाला तुम्ही केली होती ना, मिरपूड घालून, तशी."

डोरिसचं मन एकदम भरून आलं, आणि मन भरून आलं की तिला कोणाला तरी काहीतरी करून घालावंसं वाटायचं, हा तिचा जुना दोष होता. तिने सुनेचा हात धरला. "कलेजी तर करूच. पण ऐक, या ख्रिसमसला आपण दोघी सॉसेज खरोखर घरी करायचे. मला सगळं आठवतं अजून. पहिल्या वर्षी केले होते तसेच करू. दोन किलो केले होते गं, दोन दिवसांत फस्त. सासूबाई काय म्हणाल्या होत्या, सांग ना मॅथ्यू हिला."

मॅथ्यूने हातातला पाव खाली ठेवला. त्याने फादरकडे पाहिलं, मग खिडकीतून मागच्या चाफ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ आपल्या बायकोकडे, फार मायेने पाहिलं.

"फस्त नव्हते झाले, डोरिस," तो म्हणाला. "आयने आणि मी पुरले होते."