सगुणाबाईंची राजहंस गाडी सातवळणी घाट उतरली त्याची हकीकत

ज्याने चाकास फिरणे दिले आणि थांबणेही दिले, त्यास प्रथम नमन. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका दौलतीत जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घालीत नाही आणि भयाने गाळीतही नाही.

त्या दौलतीत पूर्वी सरकारी कारखान्यात राजहंस म्हणोन मोटार होत असे. चाळीस वर्षे तीच एक गाडी, तेच गोल बोनेट, तीच मोठाली डिकी. वैद्य तीत बसत, मामलेदार तीत बसत आणि नवरदेवही तीतच मिरवत. मग परमुलुखी गाड्या आल्या आणि कारखाना बंद पडला आणि राजहंस थोड्या उरल्या. त्यांतील एक सगुणाबाई नेर्लेकर यांजकडे होती, वडिलांच्या हातची. बाईंचे वय एकेचाळीस. एकोणिसाव्या वर्षी जत्रेतील पाळण्यावरून पडून कणा दुखावला आणि कमरेखाली संवेदना राहिली नाही, परंतु बाई हिमतीच्या. चष्म्याचा हुन्नर शिकून, ज्या गावचा बाजार त्या गावी जावे, लोकांचे डोळे तपासावे आणि चष्मे करून द्यावे, ऐसा शिरस्ता ठेविला. गाडी दुसऱ्याने चालवावी तर ड्रायव्हर आला त्या दिवशी बाजार, न आला त्या दिवशी पेट्या भरून उंबऱ्याशी वाट पाहणे. ऐसे बहुत दिवस सोसिले आणि मग गैबीसाहेब तांबोळी यांस बोलावू पाठविले.

हे गैबीसाहेब त्या शहरीचे नामांकित मिस्त्री, साठी उलटलेले, राजहंसाचा आवाज ऐकोन तिचे दुखणे सांगत. बाई त्यांस बोलिल्या, "चाचा, ही गाडी मला हातांनी चालवायचीय. करून द्याल?" चाचा दार उघडून आत वाकले आणि म्हणाले, "पत्रा म्हणशील तसा वाकवीन गं. पण उद्या ब्रेक लागला नाही, तर मी कुणाला तोंड दाखवू?" बाई म्हणाल्या, "आणि मी अशीच दारात बसून राहिले, तर मी कुणाला दाखवू?" दुसरे दिवशी चाचांनी काम हाती घेतले. आठ महिने लागले. चालकाचे दार रुंद केले, बैठक बाहेर सरकती केली, मागील अर्धी बैठक काढोन तेथे चाकाची खुर्ची आणि चष्म्यांच्या पेट्या राहतील ऐसी जागा केली. स्टिअरिंगच्या उजवे बाजूस एक कांब बसविली. पुढे ढकलली की ब्रेक लागावा आणि आपणाकडे ओढली की वेग वाढावा. गिअरच्या दांड्यावर खटका केला, तो दाबिला की क्लच सुटावा. चाचांनी त्या कांबेचा जोड तीन वेळा कापला आणि तीन वेळा पुन्हा जोडिला, तरी चित्तास चैन नाही. जेवता जेवता उठोन गॅरेजात जावे, कांब हलवून पाहावी आणि परत ताटावर येऊन बसावे, ऐसे चालिले. बाई मात्र दोन वर्षे गाव ना गाव फिरल्या आणि कांबेने दगा दिला नाही.

इतक्यात दरबाराचा हुकूम सुटला की, वीस वर्षांवरील ज्या गाडीच्या मूळ घडणीत फेरफार जाहला असेल ती जप्त करोन यंत्रात चेपावी. मूळ रूपात असेल ती मात्र वारसा म्हणोन राखावी. चाचा म्हणाले, "सगळं काढून पहिल्यासारखी करतो, गाडी तरी वाचेल." बाई म्हणाल्या, "गाडी वाचेल, चाचा. मी कुठं जाऊ?" ऐशा विवंचनेत असता दुसरे वर्तमान आले. दौलतीच्या अमात्यांस कीर्तीची हौस, म्हणोन त्यांनी मुलुखोमुलुखीच्या गाड्यांचा मेळा भरविला होता. अट ऐसी की गाडी ज्याच्या त्याच्या देशातच घडलेली जुनी असावी आणि फेरफारही त्याच देशीच्या कारागिराने केलेला असावा. स्वदेशीची जी गाडी सातवळणी घाट तपासनीसास शेजारी बसवोन सुखरूप उतरेल, तीस जप्ती टाळणारे कायमचे मान्यतापत्र मिळेल. बाईंनी त्याच दिवशी नाव दिले आणि चाचांची भूक गेली.

मेळा घाटमाथ्यावर भरला. हिमाच्या मुलुखातून मारित नामे उंच बाई आली होती. तिच्या देशीची जुनी गाडी मागून कापोन लाकडे वाहण्याची पेटी केलेली. पूर्वेकडील बेटांवरून एक जोडगोळी आली, त्यांच्या लहानशा गाडीचे मडगार्ड माशाच्या कल्ल्यांप्रमाणे फुगविलेले. कॉफीच्या मुलुखातून नवराबायको आणि वृद्ध सासू ऐसे तिघे आले. त्यांची गाडी इतकी खाली बसविली होती की खालून मांजर जाणे नाही. जो तो आपल्या गाडीचे कौतुक सांगे आणि दुसऱ्याच्या गाडीखाली वाकोन पाही. मारितबाईने कांब हलवून पाहिली, जोडावर बोट फिरविले आणि दुभाष्याकरवी विचारिले, "हे कोणी केले?" चाचा पुढे जाहले. ती म्हणाली, "जोड उत्तम आहे. पण उतार लांब आहे. ब्रेक जुन्या धर्तीचे आहेत, तापले तर धरणार नाहीत. दुसऱ्या गिअरातच उतरा, म्हणजे इंजिनच गाडीस धरील." चाचा म्हणाले, "तेच मी सकाळपासून पोरीला शंभरदा सांगतोय." बाई म्हणाल्या, "एकशेएकदा ऐकलंय, चाचा. आता नका सांगू."

तपासनीस विश्वंभरपंत मोहोळकर नेमिले होते. सचोटीचे परंतु भित्रे. पेन्शनीस सहा महिने राहिलेले आणि वरिष्ठाचा फोन वाजला की उभे राहून बोलणारे. ते बाईंचे डावे बाजूस बसले, पट्टा दोन वेळा ओढून पाहिला आणि तिसऱ्यांदाही पाहिला. सर्वांपुढे कॉफीच्या मुलुखाची गाडी निघाली, तीमागे राजहंस, तीमागे मारितबाईची गाडी, तीत चाचा बसले होते, आणि मग बाकीच्या. बाई दुसऱ्या गिअरात हळूहळू उतरू लागल्या. दोन वळणे नीट गेली. तो पंतांचा फोन वाजला. पायथ्याशी अमात्य हार घेऊन तिष्ठत होते आणि त्यांचे कारभारी ओरडत होते, "कुठवर आलात? साहेबांनी किती वेळ उभं राहायचं?" पंत बाईंकडे वळले. ते म्हणाले, "बाई, जरा वेग घ्या. तिसरा टाका." बाई म्हणाल्या, "साहेब, हा उतार दुसऱ्याचाच आहे." पंत म्हणाले, "मागं पाहुण्यांची रांग लागलीय. मी तपासनीस आहे, मी सांगतो. नाहीतर गाडी मंद म्हणून शेरा पडेल." शेरा हा शब्द ऐकिला आणि बाईंचा निश्चय डळमळला. त्यांनी खटका दाबून तिसरा टाकिला.

गाडी मोकळी सुटली आणि दर वळणी कांब दाबणे आले. तिसरे वळण गेले, चौथे गेले, आणि मग जळक्या रबरासारखा वास आत येऊ लागला. पाचव्या वळणी बाईंनी कांब ढकलली तो ती लोण्यात जावी तैसी पुढे गेली आणि वेग मात्र उतरला नाही. पुन्हा ढकलली, पुन्हा तैसेच. बाई म्हणाल्या, "साहेब, ब्रेक गेले." पंतांच्या हातून फोन पायाशी पडला. बाईंनी बळ करोन दुसरा गिअर घातला. दाते कर्कश वाजले, परंतु बसला. इंजिन रडू लागले, तरी समोर वळण, आणि वळणावर ती बुटकी गाडी गोगलगायीप्रमाणे चाललेली, मागील काचेत वृद्ध सासूचे पांढरे केस दिसत होते. उजवे हाती दरी, डावे हाती कातळ आणि पाण्याचे गटार. बाई मोठ्याने म्हणाल्या, "हातब्रेक तुमच्याजवळ आहे. हळूहळू ओढा. एकदम ओढलात तर गाडी फिरेल." पंत म्हणाले, "मला जमायचं नाही!" बाई म्हणाल्या, "माझे दोन्ही हात गुंतलेत, साहेब. तुम्हीच ओढायचा." मग पंतांनी दोन्ही हातांनी दांडा धरिला आणि बोलिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने ओढिला आणि बाईंनी गाडी गटारात घातली. डावे मडगार्ड कातळास लागले, पत्रा फाटत गेला, काच फुटली, आणि बुटक्या गाडीपासून दोन हातांवर राजहंस उभी राहिली.

मग बाई बारीक आवाजाने म्हणाल्या, "साहेब, माझे पाय बघता का? लागलं असेल तर मला कळत नाही." पंतांच्या मनगटास काच लागून रक्त वाहात होते, त्यांनी ते पाहिलेही नाही. खाली वाकोन बाईंचे पाय पाहिले आणि म्हणाले, "घोट्याला कापलंय. खोल नाही." मग आपला रुमाल काढून बांधिला आणि तैसेच वाकलेले राहिले. वर न पाहता म्हणाले, "तिसरा मी टाकायला लावला."

तो चाचा धावत आले. अनवाणीच होते, चपला वाटेत निघोन गेल्या होत्या. त्यांनी आधी बाईंच्या मस्तकी हात ठेविला आणि मग खाली बसोन कांबेचा जोड चाचपला. जोड अखंड होता. तेव्हा त्यांस रडू कोसळले आणि ते रस्त्यातच बसले. मारितबाई शेजारी बसली. भाषा येत नव्हती, म्हणोन नुसती पाठीवर हात ठेवून होती.

इतक्यात पायथ्याकडून कारभारी जीपमध्ये आले. गाडी पाहिली, माणसे जिवंत पाहिली आणि पंतांस बाजूस नेऊन म्हणाले, "लिहून टाका, मिस्त्रीची कांब तुटली. बेकायदा फेरफार, गाडी चेपायला. दरबाराला बोल नको." पंत म्हणाले, "पण कांब तुटलेली नाही." कारभारी म्हणाले, "पंत, सहा महिने राहिलेत तुमचे." पंत परत गाडीशी आले. त्यांनी बाईंकडे पाहिले, रस्त्यात बसलेल्या मिस्त्रीकडे पाहिले, कागद बोनेटवर ठेविला आणि लिहिले की, दुसऱ्या गिअरात गाडी उत्तम उतरत होती. तिसरा गिअर मी घाई करोन टाकविला, तेणेकरून ब्रेक तापले. कांब शाबूत, जोड शाबूत, चालक बाईंनी पुढील तीन माणसे आणि शेजारील एक वाचविला. खाली सही केली. कारभारी म्हणाले, "हे काय केलंत?" पंत म्हणाले, "काय केलं ते मलाही घरी गेल्यावरच कळेल. आता कागद घ्या, माझा हात थरथरतोय."

पुढे पंतांस तपासणीवरून काढोन जुन्या दप्तरांच्या खोलीत बसविले. बाईंनी मान्यतापत्रासाठी अर्ज केला, त्यास त्रेचाळीस दिवस उत्तर आले नाही. गाडी गॅरेजात फाटक्या मडगार्डाने उभी, बाजार बुडाले, दारी जीप वाजली की बाईंनी श्वास रोखावा, ऐसे दिवस गेले. मारितबाईने आणि कॉफीच्या मुलुखीच्या त्या सासूने आपापल्या देशातून अमात्यांस पत्रे पाठविली, ती वर्तमानपत्री छापिली गेली, आणि अमात्यांस लाज की भय काय वाटले न कळे, परंतु चव्वेचाळिसाव्या दिवशी मान्यतापत्र आले.

चाचांनी मडगार्ड ठोकोन सरळ केले, ब्रेकच्या ड्रमांस वारा लागेल ऐसी भोके पाडिली आणि बाई म्हणाल्या, "चला, घाट उतरू." चाचा म्हणाले, "माझ्याच्यानं बघवणार नाही." बाई म्हणाल्या, "मग डोळे मिटून बसा." चाचा खरेच डोळे मिटून बसले. गाडी वळली की दार घट्ट धरीत आणि तोंडाने अल्लाचे नाव घेत. बराच वेळ गेला आणि त्यांनी विचारिले, "कितवं वळण गं?" बाई म्हणाल्या, "उघडा डोळे, चाचा. सपाटी लागून दोन कोस झाले." चाचांनी डोळे उघडिले, बाहेर उसाचे मळे पाहिले आणि रागावून म्हणाले, "आणि हे मला आत्ता सांगतेस?"

येणेप्रमाणे राजहंस राहिली. पंतांची जागा गेली आणि पुढे सहा महिन्यांनी पेन्शन मिळाली. बाई आजही घाट उतरतात तेव्हा तळहातास घाम येतो ऐसे त्या स्वतः सांगतात, आणि पदरास हात पुसोन पुन्हा कांब धरितात. घडले तितके लिहिले. चुकले असेल ते वाचणाराने सुधारावे.