बुरशीचा मुकादम

महादू तात्यांनी माझ्या दुकानातून आजवर एकही पाकीट विकत घेतलेलं नाही. ते पाकिटं कामावर ठेवतात.

वडवणीत माझं बी-बियाणांचं आणि खत-औषधांचं दुकान आहे. ट्रायकोडर्मा नावाची एक उपकारी बुरशी पावडरीच्या रूपात आमच्याकडे मिळते. ती कुजलेल्या शेणखतात वाढवून मिरचीच्या मुळाशी घातली, तर झाड उभं सुकवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीला ती तिथं सहसा थारा देत नाही. बाकी गिऱ्हाईक पाकीट उचलतं आणि चालू लागतं. तात्या आधी मला पाकिटावरची तारीख मोठ्यानं वाचायला लावतात.

"तरनी हायती का बे? मागल्या बारीला म्हातारी गडी दिलतीस."

"तात्या, पावडर आहे ती."

"तुज्यासाठी पावडर. आमची टोळी हाय."

तात्यांचं उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं. गुडघे गेले तेव्हा कोयता सुटला, पण फडातली भाषा काही सुटली नाही. त्यामुळं बुरशी ही टोळी, मिरचीचा प्लॉट हा फड, आणि तात्या स्वतः मुकादम. खरी मुकादमकी जन्मात मिळाली नाही, ती हौस म्हातारा इथं भागवून घेतोय, असं मला वाटायचं.

एकदा ही पाकिटं मी बुरशीनाशकाच्या डब्यांशेजारी मांडली होती. तात्यांनी भर गिऱ्हाइकांत माझी शोभा केली. "माज्या गड्यांना त्येंच्या मारेकऱ्याच्या मांडीवर बसवलं व्हय रं!" मी तापट माणूस. म्हणालो, "तात्या, दुकान माझं आहे." "दुकान तुजं, गडी माजे," असं म्हणून त्यांनी सगळी पाकिटं स्वतःच्या हातानं समोरच्या फळीवर नेऊन मांडली. ती अजून तिथंच आहेत. माझी हलवायची छाती झाली नाही.

त्यांच्या आणि माझ्या रानाचा बांधाला बांध, त्यामुळं पुढचा तमाशाही मला रोज दिसायचा. टोळीला सावली पाहिजे म्हणून तात्यांनी गोठ्यातली गाय बाहेर लिंबाखाली काढली आणि तिच्या जागी शेणखताचा ढीग लावला. त्यात पावडर कालवली. वर गुळाचं पाणी शिंपडलं आणि ओली गोणपाटं पांघरली. ऊसतोडीच्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. तात्यांच्या हिशेबी गूळ ही टोळीची उचल.

"उचलीबिगर कोन येतंय कामाला? आन् त्येंनीच तोडलेल्या उसाचा गूळ हाय. हक्काचा हाय."

बुरशीनं ऊस कधी तोडला, हे विचारायचं मी टाळलं.

ही उचल घरातल्या डब्यातून जायची. त्यांची सून सविता एकदा बांधावर मला म्हणाली, "भाऊजी, आमच्या घरात च्या फिका आन् उकिरडा ग्वाड झालाय." तिकडं तात्या रोज सकाळी गोणपाट उचलून हजेरी घ्यायचे. "हाय का रं समदी?" ढिगावर हिरवट पांढरी बुरशी दिसली की त्यांच्या तोंडावर लग्नघरातल्या माणसाचं तेज यायचं. प्रत्यक्ष लग्नघरात मात्र ते गेले नाहीत. धर्मापुरीला सख्ख्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं. बहिणीनं फोनवर रडून घेतलं, पण तात्या हलले नाहीत. ढीग वाळला असता ना!

मी एकदा वैतागून विचारलं, "तात्या, या बुरशीसाठी इतकं कशाला?"

"मर मुळावर येतीया. ती यायच्या आदी आपली टोळी मुळाशी उतरली पायजे. ज्यानं आदी फड धरला, त्येचा फड."

शास्त्र म्हणून बोलणं खोटं नव्हतं. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

उत्तराचा निम्मा भाग मला भागवतकडून कळला. भागवत त्यांचा मुलगा. दरसाल दिवाळी झाली की भागवत, सविता आणि त्यांची लहानगी मुलगी ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. गुडघ्यामुळं तात्या मागं राहतात, घर आणि गाय राखत. यंदा बापलेकांत बोली झाली होती. मिरची जगली तर उचल घ्यायची नाही, सगळ्यांनी गावात राहायचं. मिरची मेली तर नेहमीसारखा कोयता बांधायचा.

तात्यांनी टोळी मुळाशी उतरवली, आणि नेमका परतीचा पाऊस आला. काळ्या रानात पाणी साचून राहिलं. ओढ्यापलीकडच्या प्लॉटमध्ये भरल्या मिरच्यांसकट झाडं माना टाकू लागली. तात्या जेवायचं सोडून पाणी काढायला चर खांदत बसले. शेवटी त्यांच्या रानातही पहिलं झाड सुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत दुकानात आला. चेहरा ओढलेला.

"बुरशीनाशक द्या. कडक पायजे. मुळाशी वतायचंय."

"अरे, त्यानं रोगाबरोबर तात्यांची टोळीही मरेल."

"मरू द्या. मुकादम आजच येतोय उचल घिऊन. आज न्हाई म्हनलं आन् उद्या मिरची गेली, तर आमी खायचं काय? तुमी देता का दुसऱ्या दुकानात जाऊ?"

मी दिलं. माझा धंदाच तो आहे. पण त्याची गाडी वळल्याबरोबर मी शटर ओढून त्याच्या मागं निघालो.

रानात पोचलो तर भागवत पाठीवर पंप घेऊन उभा, नळी हातात. समोर तात्या सरीतल्या चिखलात मांडी घालून बसलेले. "आदी माज्यावर मार," ते म्हणत होते. बापाला ओलांडून जायचं कसं, हे भागवतला कळत नव्हतं. सविता मुलीला कडेवर घेऊन बांधावर रडत होती.

मी आधी दोघांवर खेकसलो. मग खालच्या कोपऱ्यातलं सुकलेलं झाड उपटलं. मूळ तपकिरी, साल हातात आली. त्याच्या वरच्या ओळीतलं एक चांगलं झाड उपटलं. मूळ पांढरंधोप. आणखी एक उपटलं, तेही पांढरं. "खाली पाणी थांबलं तिथली गेली," मी म्हणालो. "वरची आज तरी धड आहेत. उद्याचं मी सांगत नाही."

"उद्याचंच तर पायजे हाय मला!" भागवत ओरडला.

तेवढ्यात बांधाशी जीप थांबली. मुकादम उतरला. सुकलेला कोपरा बघून त्याच्या मनात निम्मा निकाल लागला असावा, कारण त्यानं राम राम घातला तोच हसत.

"काय भागवत, एक कोयता धरू ना? तू आन् सविता?"

मला वाटलं, आता तात्या भांडणार. मीही बाह्या सरसावल्या होत्या.

तात्या चिखलातून न उठता म्हणाले, "मुकादम, माजं बी नाव धर."

"तुमचं?" मुकादमाला हसू आवरेना. "तात्या, कोयता उचलंल का तुमच्यानं?"

"कोयता न्हाई उचलत. पाचटाच्या कोपीवर पानी भरीन. भाकरी थापीन. पोरगी सांभाळीन. पैसा दिऊ नको मला."

"आणि मिरची?" मी न राहवून विचारलं.

"जाऊ दे मिरची मसनात!"

बुरशीच्या ढिगापायी बहिणीचं रडं ऐकून न घेणारा माणूस हे म्हणत होता. मग ते मान खाली घालून, कुणाकडंच न बघता बोलू लागले.

"दिवाळी झाली की गाव रिकामं व्हतंय. दाराला कुलपं. मागल्या हिवाळ्यात एकदा गायीला हाक मारली, तर माजाच आवाज मला वळखू आला न्हाई. किती दिसानं तोंड उगडलं व्हतं कुनास ठावं. मला आता एकट्याला ठिवू नका रं."

मला भरून आलं. आणि भरून आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच मुकादमाकडं डोळे वटारून पाहत राहिलो.

भागवतनं पंप पाठीवरून काढला आणि बांधावर ठेवला.

"मुकादम मामा, औंदा आमी न्हाई येत."

"बघ बरं. मिरची मेली तर मंग माज्या दारात येऊ नको."

"न्हाई येत. मेली तर गावातच कायतरी बघू."

जीप गेली. भागवत बापासमोर चिखलात बसला. तो चिडला होता, आणि त्याचे डोळेही भरले होते.

"तात्या, ह्ये आदी कावून न्हाई बोललात? कवापासून नुसतं मिरची, मिरची!"

तात्यांनी हातातला चिखल धोतराला पुसला.

"मिरचीसाठी थांबा, आसं म्हनता येतं बाबा," ते म्हणाले. "माज्यासाठी थांबा, ह्ये कोन्या तोंडानं म्हनू?"

भागवतनं बापाच्या काखेत हात घातला आणि दुखऱ्या गुडघ्याला जपत त्यांना हळूहळू उभं केलं.